न ओकणारी पोर

गुरुवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी मी मठ सांभाळणाऱ्या गिरजामायला विचारलं, "जी पोर ओकत नाही, तिला ओकणारीचा आजार कसा होईल, माय?"

माय वाती वळत होती. "कोण म्हणतं?"

"तालुक्याची डॉक्टरीण. बुलिमिया म्हणाली."

माझी लेक कस्तुरी, पंधरा वर्षांची, खांबाला टेकून खाली बघत होती.

"शेजारची रेवा ओकते, माय. बकाबका खाते, मग घशात बोटं घालते. जुलाबाच्या गोळ्यासुद्धा घेते. तिच्या आईला मी तोंडावर बोलले, काय हे वळण! माझी तसली नाही. सोमवार, गुरुवार, चतुर्थी... दोन-दोन दिवस नुसत्या पाण्यावर राहते."

"आणि उपासाच्या आदल्या दिवशी?"

मी कस्तुरीकडं बघितलं.

"बोल की गं. माझ्यापुढं कसली लाज?"

"लाडवांचा अख्खा डबा... कोठीचं दार लावून. आठवड्यातनं दोनदा तरी. मग रडते. मग उपास धरते."

मायनं प्रसादाचा शिरा कस्तुरीच्या तळहातावर ठेवला. प्रसादाला नको म्हणता येत नाही. कस्तुरीनं तो गिळला, उठली आणि प्रदक्षिणा घालायला लागली. भराभर.

"भाव बघ पोरीचा!" मी म्हणाले.

मायनं उठून गाभाऱ्याचा पडदा ओढला. आमच्याकडं पडदा पडला म्हणजे देव जेवतो. पाऊल असेल तिथं थांबवायचं. बारकी पोरंही थांबतात.

कस्तुरी थांबली नाही. तिला पडदा दिसलाच नाही. ओठ पांढरे, कपाळावर घाम, एक हात पोटावर दाबलेला...



माय तिच्या वाटेत उभी राहिली. पोर तिच्या अंगावर आपटली आणि तिथंच खाली बसली.

"कुणाचा उपास गं, बाळा?"

"खाल्लेल्याचा," कस्तुरी म्हणाली.

...

"म्हणजे रेवासारखंच?" मी विचारलं.

"रेवा बाहेर काढते. ही उपाशी राहून, भराभर फेऱ्या मारून तेच जाळते. ओकणारीचं ओकणं तरी कुणाला ऐकू येतं," माय म्हणाली.

"मग आजचा गुरुवार मोडू, माय? देव कोपला तर?"

मायनं पडदा तसाच राहू दिला; आत देव जेवतच होता.

"नऊची एसटी आहे. पोरीला जेवू घाल आणि डॉक्टरणीकडं ने. वाटेत जी आई लेकीच्या उपासाचं कौतुक सांगेल ना... तिला थांबवून आज बघितलंस ते सांग."