उजव्या टेकूवरचं कुंकू

यंत्रांना वाचा होती त्या काळी कुपवाडच्या हौसाक्कांच्या वर्कशॉपात ड्रिलला धार लावणारी एक मशीन आली. होती सेकंडहँड, पण रुबाब सासूबाईंचा.

हौसाक्कांनी तिला पाणसळ लावून नीट बसवलं. तिला ड्रिल टेकवून धरायला दोन टेकू होते. मग एक ड्रिल डाव्या टेकूला लावून त्याची एक धार काढली आणि उजव्या टेकूला लावून दुसरी. त्या ड्रिलनं भोक पाडलं, तर ते मापापेक्षा मोठं निघालं.

"माझ्या दोन धारा लहानमोठ्या झाल्यात," ड्रिल रडवेलं होऊन म्हणालं. "आता मी भंगारात जाणार."

"नाचता येईना, अंगण वाकडं!" मशीन फणकारली. "वीस दसरे पूजा झालीय माझी!"

हौसाक्कांनी वाकून पाहिलं. उजव्या टेकूवर वीस दसऱ्यांचं हळदकुंकू तेलात मुरून दगडासारखं बसलं होतं, त्यामुळं ड्रिल तिथं उचललं जाऊन तिरकं बसत होतं. त्यांनी रॉकेलचा बोळा घेतला.

"अहो, माझा मान पुसू नका!" मशीन ओरडली.

"मान राहू दे, आधी माप बघ," म्हणत हौसाक्कांनी खसाखसा घासून खपली काढली आणि त्याच ड्रिलला पुन्हा धार लावली. दोन्ही धारा सारख्या झाल्या, भोक अगदी नेमकं पडलं. ड्रिल आनंदानं गरगरत राहिलं. मशीन मात्र महिनाभर फुगून बसली, पण नेमकी पडणारी भोकं गुपचूप मोजत राहिली.

दसरा आला. हौसाक्का कुंकवाची वाटी घेऊन आल्या, तशी मशीन घाईघाईनं म्हणाली, "अक्का, कपाळावर हवं तेवढं लावा. टेकूची जागा ड्रिलची आहे."