टिचकूचं बोळकं

एक होता टिचकू. उंदराचं पिल्लू. बोटाएवढं. पण खोड केवढी! दिसेल ते कुरतडायचं.

एके सकाळी टिचकूचा पुढचा दात गेला. कसा गेला? कुणाला सांगेना. तोंडावर पंजा, मान खाली.

लेकरांचा पडलेला दात उंदराचा. जुनी रीत आहे. टिचकू निघाला, तुरुतुरु. गेला घरातल्या छोट्या शेवूकडे. शेवूचा दात हलत होता, लुकलुक.

"शेवूताई, शेवूताई, दात दे.
माझं बोळकं भरेना."

"ओढायचा नाही, आई म्हणते. दोरा बांधायचा नाही. पिकला पेरू चावला की आपसूक पडतो. पेरू नाही, तर दात नाही. आणि तुझ्या तोंडाला काय झालं?"

"काही नाही."

टिचकू गेला पेरूच्या झाडाकडे, तुरुतुरु.

"झाडदादा, झाडदादा, पेरू दे.
शेवूचा दात पडेना,
माझं बोळकं भरेना."

"घसा सुकलाय. पाणी नाही, तर पेरू नाही. आणि तुझ्या तोंडाला काय झालं?"

"काही नाही." टिचकूचे कान लाल.

टिचकू गेला विहिरीवर, तुरुतुरु. तिथे बादली.

"बादलीबाई, बादलीबाई, पाणी दे.
झाड पेरू देईना,
शेवूचा दात पडेना,
माझं बोळकं भरेना."

"दोर नाही, तर पाणी नाही. आणि तुझ्या तोंडाला काय झालं?"

"काही नाही." टिचकूची शेपटी पायात.

टिचकू गेला दोराकडे. तुरुतुरु नाही. हळूहळू.

"दोरभाऊ, दोरभाऊ, बादली धर.
बादली पाणी देईना,
झाड पेरू देईना,
शेवूचा दात पडेना,
माझं बोळकं भरेना."

"मी तुटलोय. गाठ नाही, तर दोर नाही. तुझ्या तोंडाला काय झालं, ते मी विचारत नाही. मला माहीत आहे."

टिचकूने तोंडावरचा पंजा आणखी घट्ट धरला.

मग गेला शेवूच्या आजोबांकडे. फार हळू.

"आजोबा, आजोबा, गाठ मारा.
दोर बादली धरेना,
बादली पाणी देईना,
झाड पेरू देईना,
शेवूचा दात पडेना,
माझं बोळकं भरेना."

"त्या खारीने कुरतडला दोर. काठी घेऊन हाकलली तिला."

कुंपणावर खार बसली होती. एकटी. टिचकूने पाहिलं.

"खारीने नाही, आजोबा."

"मग कुणी? खरं नाही, तर गाठ नाही."

टिचकूने पंजा काढला. बोळकं दिसलं.

"मी. दोर कुरतडला. बादलीच्या कडीवर दात लागला. कट्."

"गाढवा," आजोबा म्हणाले. मग खारीकडे बघेनात. त्यांचीही मान खाली.

"ये गं बाई," म्हणाले. खार आली.

खरं आलं, गाठ बसली.
गाठ बसली, दोराने बादली धरली.
बादली गेली, डुबुक. पाणी आलं, खळखळ.
झाड प्यालं, गटगट. पेरू पडला, धप्प.
शेवूने धुतला. चावला, कचकच.
दात पडला, टप्.

थोडं लाल आलं. शेवू रडली नाही. चूळ भरली, खुळखुळ. दात टाकला कौलावर.

"उंदीरमामा, जुना घ्या, नवा द्या."

टिचकूने झेलला. बसवला. जरा मोठा, जरा वाकडा. पण बसला.

टिचकू अजून कुरतडतो. खोड जाते होय? पण दोर दिसला की तोंडावर पंजा ठेवतो. आणि खार दिसली की बाजूला सरतो, तिला आधी जाऊ देतो.

दात गेला कौलावर, गोष्ट आली कानावर. झोपा आता.