कडू घास

फार पूर्वी, माणसं एकमेकांच्या दारात उभी राहून "हाय का कुणी घरात?" असं विचारायची त्या काळी, नदीकाठच्या एका गावात एक फिरस्ता आला. त्याच्या झोळीत बोलके शंख होते. शंख तोंडाशी धरून ज्याचं नाव घ्याल त्याच्या शंखातून तुमचा आवाज उमटायचा, मग तो डोंगरापलीकडे का असेना. गावकऱ्यांनी घरटी एक शंख घेतला.

शंख वाईट होते असं कुणी म्हणू नये. डोंगरावर पाय मोडून पडलेला धनगर शंखामुळे वाचला, आणि अडलेल्या बाईपाशी सुईण वेळेवर पोचली तीही शंखामुळेच. त्याच गावात ठकूबाई नावाची एक फटकळ बाई एकटी राहायची. तिची एकुलती एक लेक नदीपार दिली होती, तिच्याकडेही असाच एक शंख होता. रोज दिवेलागणीला शंखातून लेकीचा आवाज यायचा, "आई, जेवलीस का?" तेवढ्या एका प्रश्नावर ठकूबाईचा दिवस गोड व्हायचा.

पण गावच्या पाटलाला अक्कल पाजळायची हौस फार. त्यानं दवंडी पिटवली, की आता कुणी कुणाच्या ओट्यावर बसून कामाचा खोळंबा करायचा नाही. काय बोलायचं ते शंखातून बोला. जो दुसऱ्याच्या उंबऱ्यात दिसेल त्याचा शंख जप्त होईल. खरं नवल हे, की लोकांना हे पटलं. पाहुणा नको, त्याला गूळपाणी नको, बसायला घोंगडी झटकायला नको. ओट्यांवर कोंबड्या बसू लागल्या आणि गाव म्हणू लागलं, बघा आपण किती सुधारलो.

ठकूबाईच्या शेजारी गजराबाई राहायची. दोघींचा जुना अबोला होता. गजराबाईच्या शेळीनं ठकूबाईच्या वाळवणातल्या कुरडया खाल्ल्या, त्यावरून दोघींनी एकमेकींच्या सात पिढ्या काढल्या होत्या. तेव्हापासून समोरासमोर नाही आणि शंखातूनही नाही.

एके दिवशी गजराबाईचा नवरा वारला. खांदा काही शंखातून देता येत नाही, म्हणून चार माणसं आली. सगळं उरकून, नदीवर अंघोळ करून ती आपापल्या घरी गेली. मागे उरल्या गजराबाई आणि तिची अंथरुणाला खिळलेली म्हातारी सासू.

आता त्या गावची रीत अशी होती, की मरणाच्या घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारचं कुणीतरी पिठलं-भाकरी घेऊन येतं, पहिल्या घासात कडुलिंबाचं पान घालतं आणि आपल्या हातानं भरवतं. त्याला कडू घास म्हणतात. तो दुसऱ्याच्याच हातचा लागतो. तो भरवल्याशिवाय घरातलं कुणी अन्नाला शिवत नाही.

त्या दिवशी गजराबाईचा शंख नुसता घुमत राहिला. देव तुम्हाला बळ देवो. आम्ही तुमच्या दुःखात आहोत. पाटलाचा निरोप सगळ्यांत लांबलचक, त्यात दोन अभंगही होते. गजराबाई प्रत्येकाला एकच उत्तर देत होती, "बरी आहे." आणि प्रत्येकाला ते खरं वाटत होतं, कारण आवाज तर बरा येत होता.

ठकूबाई आपल्या अंगणातून बघत होती. संध्याकाळ झाली तरी फडक्यानं झाकलेली टोपली घेऊन कुणी आलं नाही. दुसरा दिवस उजाडला, ऊन डोक्यावर आलं, तरी कुणी नाही. तिला राहवेना. तिनं शंख उचलून घरोघरी विचारलं, की गजराच्या घरी घास कुणी नेला? जो तो म्हणाला, मी निरोप पाठवला की, घास नेला असेल कुणीतरी. "कुणीतरी म्हणजे कोण?" असं ठकूबाईनं विचारलं, तेव्हा प्रत्येक शंखातून वेगळंच नाव आलं.

ठकूबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. अख्खं गाव गोड बोलत बसलंय आणि दोन बायका उपाशी. तिनं पिठलं ढवळलं, भाकऱ्या थापल्या, परसातल्या लिंबाची पानं तोडली. दोन्ही घरांमधल्या कुंपणाला खिंडार होतं, तिथून गेली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण तिनं डोक्यावर टोपली घेतली, शंख कमरेला खोचला आणि मुद्दाम भर रस्त्यानं, पाटलाच्या घरावरून निघाली.

पाटलानं तिला हटकलं. "काय सांत्वन करायचं ते शंखातून कर, ठकू."

"शंखातून भाकरी जाती का, पाटील?"

पाटील म्हणाला, की नियम सगळ्यांना सारखा. त्या उंबऱ्यात पाय ठेवलास तर शंख जाईल, मग लेकीचा आवाज विसरायचा. बाजूच्या खिडक्यांतून बायका कान देऊन ऐकत होत्या. लेकीचं नाव निघताच ठकूबाईचा हात कमरेला गेला. मग तिनं कमरेचा शंख काढून पाटलाच्या ओट्यावर ठेवला.

"सुखाला बोलावणं लागतं, दुःखाला नाही," ती म्हणाली. "माझ्या लेकीलाही मी हेच शिकवलंय."

आणि ती मागे वळून न बघता गेली.

गजराबाई भिंतीला टेकून बसली होती. तिच्यासमोर शंख बोलत होता आणि ती त्याच्याकडे बघतही नव्हती. ठकूबाईनं टोपली खाली ठेवली, भाकरीचा तुकडा मोडला, त्यात लिंबाचं पान घातलं.

"आ कर," ती म्हणाली. इतक्या वर्षांनंतरचा पहिला शब्द.

घास तोंडात गेला आणि गजराबाईला हुंदका फुटला. नवरा गेल्यापासून ती रडलीच नव्हती. शंखापुढे रडून कुणाच्या कुशीत शिरणार? ठकूबाईनं तिला जवळ घेतलं, रडू दिलं, मग म्हातारीला उठवून बसवलं आणि तिलाही घास-घास करून भरवलं.

खिडक्यांतल्या बायकांना आपापल्या घरातला पिठल्याचा वास आता बोचू लागला. एकीनं टोपली उचलली, तिच्यामागून दुसरीनं. पाटील कुणाकुणाला अडवणार?

दिवेलागणीला पाटलाच्या ओट्यावरचा शंख बोलू लागला. "आई, जेवलीस का? आई, बोलत का नाहीस?" आवाज घाबराघुबरा होत चालला. शेवटी पाटील शंख घेऊन स्वतःच गजराबाईच्या दारात आला आणि बाहेरूनच म्हणाला, "ठकू, तुझी लेक बोलावतेय."

"तिला सांगा, आई दुःखाच्या घरी बसलीय," आतून ठकूबाई म्हणाली. "आणि पाटील, वहाणा काढा, आत या. ही बाई तुम्हाला काल 'बरी आहे' म्हणाली ना? आता तिचं तोंड बघा."

पाटलानं आधी शंखात निरोप सांगितला. मग वहाणा काढल्या, आत येऊन गजराबाईचं तोंड बघितलं आणि मान खाली घातली. त्याला एकही अभंग आठवेना. तो गुपचूप जमिनीवर बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीतून एक होडी आली. ठकूबाईची लेक उतरली, ती डोक्यावर भाकरीची टोपली घेऊनच.

शंख पुढेही गावात राहिले. पण मरणाची बातमी शंखातून आली, की लोक तो कोनाड्यात ठेवत आणि आधी वहाणा शोधत.

तात्पर्य: निरोप खुशाल दुरून पाठवा, पण दुःखाच्या दारी आपल्या पायांनी जा. आणि कुणी ती वाट अडवली, तर भर रस्त्यानं जा.