उन्हातली खुर्ची

एकदा एका शिष्याला दुर्मिळ इंग्रजी शब्दांचे वेड लागले. मुलांनी फुलपाखरे पकडावीत तसे तो शब्द पकडी आणि दर पौर्णिमेला गावच्या वाचनालयात त्यांवर व्याख्यान देई. घरी वृद्ध वडील माजघरातल्या अंधारात पडून असत. ही थंडी निभावली तर बरे, असे वैद्यांनी सांगून ठेवले होते. "मला जरा उन्हात ने रे," असे ते रोज सकाळी म्हणत, आणि हा पुस्तकातून मान वर न करता म्हणे, "एवढं पान झालं की नेतो." पान काही संपत नसे.

पौषातल्या एका गारठ्याच्या सकाळी तो लगबगीने गुरुजींकडे गेला. गुरुजी अंगणात खुर्ची टाकून, डोळे मिटून ऊन खात बसले होते.

"गुरुजी, अद्भुत शब्द गवसलाय. ॲप्रिसिटी! म्हणजे हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब. मूळ लॅटिन. चारशे वर्षांपूर्वी कुणी तो इंग्रजी कोशात घातला आणि पुढे जवळजवळ कोणी वापरलाच नाही. अर्थ मिळाला, उगम मिळाला, उपयोग तेवढा सापडत नाही. आणि व्याख्यान तर आज संध्याकाळी!"

गुरुजींनी डोळे उघडले. "वडील कसे आहेत?"

"आहेत... पडून असतात."

गुरुजी उठले आणि जमिनीवर गोणपाट टाकून बसले. "ही खुर्ची घरी ने. अंगणात मांड. ऊन सरकेल तशी सरकव."

"पण गुरुजी, उपयोग?"

"आधी खुर्ची."

डोक्यावर खुर्ची घेऊन तो पेठेतून निघाला. "आज श्रोते फार येणार वाटतं!" एका व्यापाऱ्याने दुकानातूनच टोमणा मारला. बिचारा नजर खाली ठेवून चालत राहिला.

घरी त्याने वडिलांना हात धरून बाहेर आणले. किती हलके झाले होते ते! ऊन तुळशीपाशी होते, मग पेरूच्या पलीकडे गेले, मग कुंपणाशी. खुर्चीही त्याच्या मागे मागे गेली. शेजारी कुणी धान्य पाखडत होते, तो आवाजदेखील उन्हातूनच गाळून आल्यासारखा वाटत होता. वडिलांची गार बोटे हळूहळू ऊबदार झाली, ते त्याच्या तळहाताला कळले.

"तूही बस ना," वडील अर्धवट झोपेत म्हणाले. तो पायाशी बसला.

संध्याकाळी तो खुर्ची परत घेऊन आला, तेव्हा गुरुजींनी विचारले, "व्याख्यान?"

"नाही दिलं. उपयोग सापडला, पण तो बोलून दाखवता येईना."

"अरे, तो शब्द कोशात जपून ठेवला गेला आणि तिथेच गारठला. थंडीतल्या उन्हाचंही तसंच आहे. मागाहून घेऊ म्हणून ते राखून ठेवता येत नाही. दुपार कलली की संपलं."

शिष्याचे डोळे भरून आले. त्याने खुर्ची ओसरीवर ठेवली. गुरुजींनी ती उचलून पुन्हा त्याच्या हाती दिली.

"असू दे तुझ्याकडेच. पौष अजून सरला नाही."

वाचकहो, आपल्याही घरी कोणी उन्हाची वाट पाहत असेल, तर उठावे. एवढे पान संध्याकाळी वाचले तरी चालेल.