पेटीवरची टोपी

पलटणीत माझ्याइतका हजरजबाबी कुणी नव्हता, असं मीच सगळ्यांना सांगत फिरायचो. वाळवंटात लोकरीची बिनकाठाची टोपी घालून कवायत करायची, असा नियम होता. आम्ही डोक्याला पंचे बांधू का विचारलं, तर कर्नलसाहेब गरजले, "हे काय लग्नाचं वऱ्हाड आहे?"

मी म्हणालो, "नाही साहेब, वऱ्हाडात कुणी अशी टोपी घालत नाही!" मैदानाला दहा फेऱ्या माराव्या लागल्या.

तिसऱ्या दिवशी तुळाजी खोपडे उन्हानं कोसळला, तो उठलाच नाही. त्याच्या शवपेटीला मानवंदना देताना त्याचा दोस्त सोनबा डोक्याला ओला पंचा गुंडाळून उभा राहिला.

"टोपी कुठंय तुझी?" साहेब ओरडले.

"पेटीवर ठेवलीय, साहेब. तुळाजीची पडताना चुरगळली, ती नियमात बसत नव्हती. मेल्यावर तरी त्याच्या हातून शिस्त मोडायला नको, म्हणून माझी दिली."