धृतिमतीचा तुंबा

पूर्वी कृतयुगात, पयोष्णीच्या उत्तर तीरावर वेत्रायण ऋषींचा आश्रम असताना, वेलीवरचे उत्तम फळ बियाण्यासाठी राखून ठेवण्याची रीत प्रथम घातली ती त्यांच्या पत्नीने, धृतिमतीने. आणि बियाण्याला वार्धक्याचा शाप लागला तोही तिच्याच हट्टामुळे. दोन्ही गोष्टी तिच्या हातून घडल्या, आणि पहिलीची स्तुती करताना दुसरी झाकून ठेवणे कथा सांगणाऱ्याला शोभत नाही.

त्या युगात बी म्हातारे होत नसे. तरीही ते कोणी साठवीत नसे. कारण वनस्पतींचा अधिपती भगवान सोम दर वसंतात आश्रमोआश्रमी जाऊन नवे बी वाटीत असे. फळ कोवळे असतानाच खुडावे, देवाला अर्पावे, अतिथीला वाढावे आणि उरलेले आपण खावे, असा सर्वांचा क्रम होता. वेलीवर फळ जून होऊ देणे हे गृहिणीच्या आळसाचे लक्षण समजले जाई.

धृतिमती आळशी नव्हती. तिच्या पर्णकुटीपुढे दुधी भोपळ्याची एक वेल होती. ती वेत्रायणांनी स्वहस्ते लावली होती, आणि तिला पहिले फूल आले त्याच दिवशी ते तपासाठी हिमालयाकडे निघून गेले होते. जाताना ‘येतो’ म्हणाले. केव्हा, ते बोलले नाहीत. तिनेही विचारले नाही. पुढे त्या वेलीला फळे धरली. त्यांतले सर्वांत देखणे फळ खुडण्यासाठी तिने हात पुढे केला आणि तो तसाच मागे घेतला. ज्या वेलीच्या आळ्यात पतीच्या बोटांचे ठसे होते, ती या ऋतूबरोबर सुकून जाणार होती, आणि पुढच्या वसंतात सोम देईल ती वेल दुसरीच कोणीतरी असणार होती.

तिने त्या फळाच्या देठाला दर्भाची काडी बांधली. फळ वाढले, पिवळसर झाले, त्याची साल लाकडासारखी टणक झाली आणि हलवले की आत बिया खुळखुळू लागल्या. तेव्हा तिने ते उतरवले, देठाजवळ भोक पाडून बिया काढल्या, सावलीत वाळवल्या, अग्निहोत्राच्या राखेत घोळवल्या आणि त्याच तुंब्यात पुन्हा भरल्या. तोंड मातीने लिंपून तो तुंबा तिने अग्निशाळेच्या आढ्याला टांगला. ते आले की त्यांच्याच हातांनी हे बी लावायचे, असे तिने मनाशी ठरवले होते.

बारा वसंत लोटले. ती रोज सकाळी उत्तरेच्या वाटेवर सडा घाली, आणि त्या सड्यावर कोणाचेही पाऊल न उमटताच तो रोज सुके.

तेराव्या वर्षी प्रजापती दक्षाच्या शापाने सोमाला क्षय जडला. तो कलेकलेने झिजू लागला आणि त्या वसंतात कोणत्याही आश्रमाच्या दारी बी आले नाही. आळी उघडी पडली, मांडव उघडे पडले. शेजारच्या आश्रमातली कुशावती धृतिमतीच्या दारी आली. ती वयाने मोठी आणि जिभेने त्याहून तिखट होती.

“सखे, तुझ्या अग्निशाळेत काय लोंबते आहे ते ठाऊक आहे मला. चार बिया दे. आमच्याकडे दोन महिने शेवग्याचा पाला शिजतो आहे. माझे शिष्य आता ऋचा म्हणताना गुरांसारखे हंबरू लागले आहेत.”

“ताई, ते बी वेचक आहे, वाटायचे नाही,” धृतिमती म्हणाली. “ते आल्यावर लावायचे आहे.”

“आणि ते नाही आले तर?”

धृतिमती आत वळली. कुशावती तिथेच ओसरीवर बसून राहिली.

त्याच दिवशी मध्यान्हीला, ज्यांच्या भुवया चढल्या की वनचरांनीही वाट सोडावी असे महर्षी दुर्मर्ष भुकेने व्याकूळ होऊन दारात उभे राहिले. तिने पाद्य दिले, अर्घ्य दिले, कंदमुळे पुढे ठेवली.

“हे आम्ही वाटेतही खाल्ले,” दुर्मर्ष गरजले. “अन्न उद्याही मिळेल असे काही या आश्रमात आहे की नाही? तो तुंबा खाली काढ. ते बी मातीत घाल, आणि या तीरावरच्या प्रत्येक आश्रमाला दे.”

“मुनिवर, प्राण मागा. ते मागू नका.”

“तुझे प्राण शिजवून कोणाचे पोट भरणार आहे?”

“ते माझ्या पतीचे आहे.”

“ते मातीचे आहे!” महर्षींनी कमंडलूतले जल ओंजळीत घेतले. “अभिमानिनी, ज्याच्या अंगी उगवण्याचा धर्म आहे त्याला तू बारा वर्षे कोंडून ठेवलेस. तर ऐक! आजपासून त्रैलोक्यातले प्रत्येक बी माणसासारखे म्हातारे होईल, आणि जे वाट पाहत पडून राहील ते वाट पाहतच मरेल!”

जल भूमीवर पडले. धृतिमतीने धावत जाऊन तुंबा उतरवला, लिंपण फोडले आणि बिया पाण्याने भरलेल्या परातीत ओतल्या. एकामागून एक बी वर येऊन तरंगू लागले. तिने एक फोडून पाहिले. आतला गर भुगा झाला होता. तिने दुसरे फोडले नाही. तळाशी पाचसहा जिवंत बिया तेवढ्या राहिल्या होत्या. ती परातीशी बसून राहिली, आणि त्या उग्र ऋषींनाही तिला ‘ऊठ’ म्हणण्याचा धीर झाला नाही. महर्षी आणि कुशावती त्या रात्री तिथेच राहिले.

दुसऱ्या दिवशी उषःकाली, कोरेएवढा उरलेला भगवान सोम पूर्वेच्या क्षितिजावरून उतरून तिच्या अंगणात आला. चालताना त्याला धाप लागत होती.

“देवा,” ती म्हणाली, “तुम्ही वनस्पतींचे स्वामी आहात. हा शाप परत फिरवा.”

“कल्याणी, मला लागलेला शापच मला फिरवता येत नाही. पण त्याला मर्यादा घालीन. यापुढे नीट वाळवलेले, राखेत राखलेले बी तीन पावसाळे जिवंत राहील. त्याच्या आत ते मातीत गेले तर त्याचे आयुष्य पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. तेच बी कायमचे टिकणार नाही. त्याची संतती मात्र कधीच खुंटणार नाही.”

धृतिमतीने मान खाली घातली. मग जे विचारायचे नाही असे बारा वर्षे ठरवले होते, ते तिने विचारले. “ते... दिसतात आपल्याला?”

“रोज. ज्या शिखरावर ते बसले आहेत, त्यावरूनच माझा मार्ग जातो. ते परतणार नाहीत, धृतिमती. त्यांचे आसन आता शिळेसारखे झाले आहे. पण ते दर प्रातःकाळी डोळे उघडतात आणि एकच गोष्ट विचारतात: वेल मांडवावर चढली का?”

“मग आपण काय सांगता?”

“काय सांगणार? त्यांच्या वेलीचा मांडव मला रोज रिकामाच दिसतो.”

त्यानंतर ती रडली. कुशावतीने तिला रडू दिले, आणि आपल्या पदराने परातीच्या काठाचे पाणी टिपत राहिली.

सूर्य वर येण्यापूर्वी धृतिमतीने आळे खणले. तळाशी राहिलेल्या बियांतल्या तीन तिने कुशावतीच्या तळहातावर ठेवल्या आणि उरलेल्या स्वतःच्या आळ्यात, टोक खाली करून, एक बोट खोल पेरल्या.

मग त्याच अंगणात असे ठरले की, प्रत्येक वेलीवरचे सर्वांत उत्तम फळ बियाण्याचे असावे. त्यावर देवाचा, अतिथीचा व गृहस्वामीचाही अधिकार नसावा. ते वेलीवरच वाळू द्यावे. त्यातले अर्धे बी घरी ठेवावे व अर्धे शेजारी द्यावे, म्हणजे एका अंगणातले मेले तर दुसऱ्या अंगणातून मागून आणता येईल. आणि कोणाच्याही प्रतीक्षेत ते तीन पावसाळ्यांपलीकडे कोंडून ठेवू नये. भगवान सोमाने हे मान्य केले. कुशावतीने मान्य केले. देवाच्याही आधी बियाण्याचा मान, हे दुर्मर्षांना रुचले नाही. परंतु दुसरे उत्तम फळ निश्चितपणे अतिथीचे, असे वदवून घेऊन त्यांनीही मान्य केले. धृतिमतीचा होकार सर्वांत शेवटी आला. ती उत्तरेच्या वाटेकडे पाहत होती. तिने त्या दिवशी तिथे सडा घातला नव्हता, सगळे पाणी आळ्यात ओतले होते. “मान्य आहे,” ती म्हणाली.