दुधी खाणाऱ्याचं लग्न मोडतं!

भुजंगराव महाराजांनी हौसेनं काढलेली खानावळ महिनाभर ओस पडली होती!

झालं होतं असं, की खडकपूरच्या प्रजेची पोटं फार सुटली होती. सकाळी जिलबी, दुपारी भजी, संध्याकाळी पुन्हा जिलबी. राजवैद्य त्र्यंबकशास्त्री म्हणाले, "महाराज, लोकांना साधं अन्न घाला." महाराजांनी लगेच भर चौकात खानावळ काढली. ज्वारीची भाकरी, दुधीची भाजी, मुगाची उसळ आणि ताक. रांधायला सगुणा नावाची आचारीण ठेवली. बाईच्या हाताला अशी चव, की दगड शिजवला तरी माणसं बोटं चाटतील. दारावरची पाटी मात्र महाराजांनी स्वतः लिहिली: 'येथे पचनास हलके, पथ्याचे व मूळव्याधीस हितकर अन्न मिळेल.'

आता सांगा, भर चौकात त्या पाटीखालून आत कोण जाईल?

एकटा हैबती कासार गेला. बिचाऱ्याला दुधी आवडायचा, एवढंच! शास्त्रीबुवा दारातच बसलेले. त्यांनी हैबतीची नाडी धरली, जीभ बघितली आणि अख्ख्या चौकाला ऐकू जाईल असं विचारलं, "पोट साफ होतं ना?" संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की हैबतीला काहीतरी मोठा आजार आहे. दुसऱ्या दिवशी त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. त्यानंतर खानावळीत माशीसुद्धा फिरकेना.

महाराजांनी सगुणेला दरबारात बोलावलं.

"तुझ्या हाताला चव नाही!"

"चव आहे, महाराज. पाटीला नाही."

पाटी कुणी लिहिली, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"असं?" महाराजांच्या मिशा थरथरल्या. "मग ऐक! आठ दिवसांत खानावळ भरून दाखव. कुणाला हुकूम करायचा नाही, फुकट वाढायचं नाही, आणि भाजीत तेलाचा एक थेंब जास्त पडता कामा नये. जमलं नाही, तर चंबूगबाळं उचल आणि माझ्या राज्यातून चालती हो!"

खानावळीच्या मागच्या खोलीत सगुणेची अंथरुणाला खिळलेली आई होती. तिला घेऊन जायचं कुठं? पण बाई खमकी. पदर खोचून म्हणाली, "आणि जमलं तर?"

"तर मी स्वतः येऊन दुधी खाईन!"

दरबार खो खो हसला. महाराजांनी जन्मात दुधीला हात लावला नव्हता.

"नुसतं खाऊन चालायचं नाही, महाराज. तोंडानं मागून घ्यायला लागेल."

"मागतो! आधी खानावळ तर भर!"

सगुणेनं पहिलं काम केलं ते शास्त्रीबुवांचं. "बुवा, तुम्ही उगाच माझ्या दारात उन्हात बसता. समोरच्या भज्यांच्या दुकानात सावली आहे." बुवांना भजी जीव की प्राण. ते टुणकन उठून तिकडे गेले. पण सवय जाते कुठं? भजी खायला येईल त्याची नाडी धरायला लागले! "कधीपासून दम लागतो?" असं विचारल्यावर भजी कुणाच्या घशाखाली उतरणार?

दुसरं काम म्हणजे पाटी. जुनी उतरवून नवी लावली: 'आजारी माणसांनी आत येऊ नये!'

आणि तिसरं, तालमीतला एक गोल दगडी गोटा आणून उंबऱ्यात ठेवला. जो गोटा उचलेल, त्यालाच पान. गोटा दिसायला दांडगा, पण सगुणा तो रोज एका हातानं बाजूला सारून झाडलोट करायची.

पहिला आला हैबती. त्यानं भर चौकात गोटा उचलला, तीन भाकऱ्या हाणल्या आणि मिशीवर ताव देत बाहेर पडला. लग्न मोडून बसलेला सासरा धावतच आला. "जावईबापू, थांबा की जरा!"

मग काय विचारता! आपण धडधाकट आहोत, हे कुणाला दाखवायचं नसतं? सावकार आला, कोतवाल आला. मुली असलेले बाप समोर उभं राहून कोण आत जातो ते बघायला लागले. सत्तरीचे तात्या देशपांडे गोटा उचलून आत गेले ते दुपारी पुन्हा रांगेत! आठव्या दिवशी रांग वेशीपर्यंत गेली.

महाराज पालखीतून उतरले. चार पायऱ्या चढेपर्यंत त्यांना धाप लागली.

"महाराज, गोटा!" सगुणा म्हणाली.

"मी राजा आहे!"

"पाटीवर तसं काही लिहिलेलं नाही."

रांग बघत होती. महाराज वाकले, आणखी वाकले, मग इकडे तिकडे बघायला लागले.

"कुठाय गोटा?"

"पोटाच्या पलीकडे, महाराज!"

कोतवालाला हसू आवरेना, म्हणून त्यानं उपरणं तोंडात कोंबलं. महाराज लालबुंद झाले. इतक्यात समोरून शास्त्रीबुवा भज्याचा हात पुसत लगबगीनं आले आणि त्यांनी सवयीनं महाराजांची नाडी धरली.

"सोडा हात!" महाराज गरजले. "मी आजारी नाही! सगुणे, वाढ मला!"

"काय वाढू?"

"दुधी! चांगला दोन पळ्या वाढ!"

आपण काय बोलून बसलो, ते महाराजांच्या लक्षात आलं.

"पण गोटा तर मी उचलला नाही," ते हळूच म्हणाले. "आता आत कसा येऊ?"

सगुणेनं दार सताड उघडलं. "या, महाराज! दुधी मागून खाणाऱ्याला आजारी म्हणायची छाती कुणाची आहे?"

महाराज एवढे हसले, एवढे हसले, की भिंतीला टेकून बसावं लागलं. हसता हसता त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून सगुणेला दिलं, मागच्या खोलीसकट खानावळ तिच्या नावे केली, आणि हैबतीला जरा सरकायला सांगून पंगतीत मांडी घातली.